पट्टा सोडण्याआधी पाणी बघा: तळ्याकाठी आणि ओढ्यावर कुत्र्याला विषारी शेवाळापासून कसं जपायचं

माझी कुत्री चिंगी पाण्यातून बाहेर आली की तिचा क्रम ठरलेला असतो. आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडायचं, मग मातीत दोनदा लोळायचं आणि शेवटी सावली गाठून पंजे, पोट, मांड्या असं सगळं निवांत चाटून काढायचं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका पाझर तलावावर तिने हेच केलं. काठालगत हिरवी, दाट साय जमली होती आणि ती त्यात पोटापर्यंत शिरली होती. तिला पाणी पिताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो. ती चाटायला बसली तेव्हा लक्षात आलं, की तिच्या पोटावरचे पांढरे केस हिरवे झालेत आणि तो हिरवा रंग एकेका चाटण्याबरोबर पोटात चाललाय.

जवळचं पिण्याचं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं, घरी आणून पुन्हा आंघोळ घातली आणि दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. तिला काही झालं नाही. पण त्यावरून ते पाणी निर्धोक होतं असं ठरत नाही. त्यानंतर मी या विषयावर जे वाचलं, पशुवैद्यांना जे विचारलं आणि पाण्यावर जाताना स्वतःला जी शिस्त लावून घेतली, ती इथे लिहितो आहे.

हे शेवाळ कोणतं?

आपण शेवाळ म्हणतो त्यात बरंच काही येतं. पावसाळ्यात पायरीवर पाय घसरवतं ते, विहिरीच्या भिंतीवर मखमलीसारखं दिसतं ते, ओढ्यात केसांसारखं लांब वाहतं ते. यातलं बहुतेक कुत्र्याला काही करत नाही. धोका आहे तो नीलहरित शेवाळाचा. नावात शेवाळ असलं तरी ते खरं म्हणजे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. वनस्पतींसारखे ते उन्हावर अन्न तयार करतात, म्हणून पूर्वी त्यांची गणना शेवाळात झाली आणि नाव तेच राहिलं.

इथे एक शंका हमखास येते. भातखाचरात नीलहरित शेवाळ खत म्हणून सोडतात आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या तर माणसं खातात. मग ते विषारी कसं? उत्तर असं की या कुळात असंख्य जाती आहेत. काही हवेतला नत्र धरून भाताला देतात, काही खाण्याजोग्या आहेत आणि काही विष तयार करतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एकाच जातीचा एक वाण विषारी असतो आणि दुसरा नसतो. एकाच तळ्यात एका आठवड्यात विष नसतं आणि पुढच्या आठवड्यात असतं. नुसतं बघून हे तज्ज्ञालाही सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून खाली पाण्याची पाहणी करायच्या ज्या युक्त्या दिल्या आहेत, त्यांचा उपयोग ‘हे पाणी टाळा’ एवढं ठरवायला आहे. ‘हे पाणी चालेल’ याची हमी त्या देत नाहीत.

विषं मुख्यतः दोन प्रकारची. पहिलं यकृतावर जाणारं, मायक्रोसिस्टिन. ते यकृताच्या पेशींत शिरतं, तिथली काही महत्त्वाची विकरं बंद पाडतं, पेशींचा सांगाडा ढासळतो आणि यकृतात रक्तस्राव होतो. दुसरं मज्जासंस्थेवर जाणारं, अ‍ॅनाटॉक्सिन. मज्जातंतू स्नायूला जिथे निरोप देतो नेमकी ती जागा ते अडवून धरतं. स्नायू आधी थरथरतात, मग लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ज्या शास्त्रज्ञांनी त्याचा सुरुवातीला अभ्यास केला त्यांनी त्याला ‘अतिशीघ्र मृत्यूचा घटक’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

ही गोष्ट नवीही नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलेक्झांड्रिना सरोवराच्या काठची जनावरं पाण्यावरची हिरवी साय पिऊन मेली, अशी नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली ‘नेचर’ नियतकालिकात केली. त्यांच्या यादीत मेंढ्या, घोडे आणि डुकरांबरोबर कुत्रेही होते.

कुत्र्यालाच जास्त धोका का?

गुरं काठावर उभी राहून पाणी पितात. माणूस हिरवं पाणी बघून नाक मुरडतो. कुत्रा मात्र त्यात उडी मारतो, तोंड उघडं ठेवून पोहतो आणि चेंडू पकडताना दर खेपेला घोटभर पाणी गिळतो. बाहेर आल्यावर अंगावरचं सगळं चाटतो. काठावर वाळून पडलेले शेवाळाचे पापुद्रे तर त्याला खाऊच वाटतात. त्यांना मासळीसारखा, कुजकट वास येतो आणि आपल्याला नकोसा वाटणारा तो वास कुत्र्याला ओढून घेतो. त्यातून वजन कमी. दहा किलोच्या कुत्र्याने गिळलेला एक घोट आणि सत्तर किलोच्या माणसाने गिळलेला एक घोट यांत शरीराच्या मानाने सातपट फरक पडतो.

कुठे आणि केव्हा?

या जिवाणूंना तीन गोष्टी लागतात: ऊब, संथपणा आणि खत. पाण्याचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की ते जोमाने वाढतात. वाहतं, ढवळलं जाणारं पाणी त्यांना मानवत नाही. खत म्हणजे फॉस्फरस आणि नत्र. ते सांडपाण्यातून, साबणातून, शेतातल्या रासायनिक खतातून आणि गोठ्याच्या शेणमुतातून पाण्यात उतरतं.

आपल्याकडे या तिन्हींची गाठ पडते ती साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून पहिला दणदणीत पाऊस होईपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात. कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणी सांडपाण्यामुळे हिरवंगार होतं, हे तिथल्या कोणालाही विचारा. उजनी धरणाच्या फुगवट्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा-भीमेतून येऊन साठतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेही हिरवं दिसू लागतं. हिरवं पाणी म्हणजे दर वेळी विषारी पाणी नव्हे. पण अशा पाण्यात कुत्रा सोडण्याचं काहीही कारण मला दिसत नाही.

एक बारकावा फार कामाचा आहे. यातल्या अनेक जातींच्या पेशींत हवेचे अतिसूक्ष्म फुगे असतात. वारा पडलेल्या शांत रात्री त्या तरंगत वर येतात आणि सकाळी पाण्यावर साय धरते. नंतर वारा सुटला की ती साय ढकलली जाऊन एकाच काठाला गोळा होते. म्हणजे तळ्याच्या एका बाजूचं पाणी नितळ आणि समोरच्या काठाला वीतभर दाट थर, असं एकाच वेळी असू शकतं. काल संध्याकाळी स्वच्छ होतं म्हणून आज सकाळीही असेल, असं धरून चालू नका. आणि वारा कोणत्या काठाकडे वाहतोय हे आधी बघा.

पट्टा न सोडता काठाची पाहणी

गाडीतून उतरल्या उतरल्या कुत्रा पाण्याकडे खेचतो आणि आपण पट्टा सोडतो. सगळं इथेच बिघडतं. कुत्र्याला गाडीत किंवा बरोबरच्या माणसाकडे ठेवा आणि स्वतः काठाने शे-दोनशे पावलं चालून या. पाच मिनिटांचं काम आहे.

आधी रंग बघा. पालक मिक्सरमधून काढून ओतल्यासारखं पाणी, हिरव्या ऑइलपेंटचा डबा सांडल्यासारखे पट्टे, निळसर-हिरवी किंवा पोपटी साय, पाण्यात सगळीकडे रव्याएवढे हिरवे कण, यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. रंग हिरवाच असेल असंही नाही. तपकिरी, तांबूस, क्वचित पांढुरका थरही असतो. मरू लागलेली साय निळी पडते. पोहायच्या तलावाला देतात तशा फिकट निळ्या रंगाचा ओघळ काठावर वाळलेला दिसला तर तीही खूणच समजा.

मग काठ बघा. मेलेले मासे, मेलेले पक्षी किंवा बेडूक असतील तर कारण काहीही असो, तिथे थांबू नका. पाणी ओसरून मागे राहिलेल्या चिखलावर हिरवट-काळे, वाळलेल्या रंगासारखे पापुद्रे असतील तर कुत्र्याला त्या पट्ट्यापासूनही लांब ठेवा. वाळल्याने विष जात नाही. अशा पापुद्र्यात मायक्रोसिस्टिन महिनोन्‌महिने टिकतं.

वास घ्या. कुबट, ओल्या मातीसारखा किंवा सडका वास येत असेल तर संशय वाढतो. वास नसला म्हणून संशय कमी होत नाही.

आता काठी. लांब काठी पाण्यात फिरवून वर काढा. काठीला केसांच्या बटांसारखं काही लोंबत आलं, तर ते बहुधा साधं धाग्यांचं शेवाळ असतं. काठीला धागा न लागता फक्त रंगात बुडवल्यासारखा लेप बसला, तर ते नीलहरित असण्याची शक्यता जास्त. टिकलीएवढी गोल पानं पाण्यावर दाट पसरलेली असतात, ती छोटी पाणवनस्पती असते. हातात घेतली की पानं सुटी दिसतात, खाली बारीक मुळंही असतात. जलपर्णी तर सगळ्यांना ओळखू येते. या दोन्ही विषारी नाहीत. पण जलपर्णी माजलेलं पाणी म्हणजे सांडपाण्याचं पाणी, आणि तिच्या जाळ्यात कुत्र्याचे पाय अडकतात. ते पाणीही टाळलेलंच बरं.

नेहमीच्या तळ्याबद्दल शंका असेल तर घरी एक प्रयोग करता येतो. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या, झाकण लावा आणि बरणी न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर येऊन तोंडाशी कड्यासारखं जमलं असेल तर नीलहरितचा दाट संशय. बरणी फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा, घरातलं कोणी सरबत समजायला नको.

नितळ ओढा फसवतो

तळ्याबद्दल लोक सावध असतात, वाहत्या पाण्याबद्दल नसतात. ‘पाणी तर तळ दिसेल इतकं स्वच्छ आहे’ असं म्हणून कुत्रा सोडला जातो. पण नीलहरित शेवाळाच्या काही जाती पाण्यावर तरंगतच नाहीत. त्या तळातल्या दगडांना, बुडालेल्या फांद्यांना धरून वाढतात. तिथे त्यांचा मऊ, बुळबुळीत, गडद हिरवा, तपकिरी किंवा काळपट थर होतो. दिवसा ऊन पडलं की त्यात वायूचे बुडबुडे धरतात, थराचे तुकडे सुटतात, वर येतात आणि वाहत जाऊन काठाच्या कोपऱ्यात अडकतात. पाणी तेव्हाही स्वच्छच दिसतं.

मज्जासंस्थेवरचं विष अशाच थरांत सापडलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ईल नदीवर उन्हाळ्यात कुत्रे दगावल्याच्या घटना २००० सालानंतर पुन्हा पुन्हा घडल्या. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लेडी बर्ड लेकवर ऑगस्ट २०१९मध्ये कुत्रे पोहून आल्यावर मेले आणि तिथल्या शेवाळाच्या गठ्ठ्यांत या गटातलं विष मिळालं. जुलै २०२०मध्ये युटाह राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीत खेळलेलं एक पिल्लू मेलं. ती नदी लाल कड्यांमधून वाहणारी, चित्रात काढावी अशी नदी आहे.

सह्याद्रीतल्या ओढ्यांचं चक्र आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात धो धो वाहणारा ओढा दिवाळीनंतर बारीक होतो आणि होळीच्या सुमारास नुसते डोह उरतात. ओढा जोरात वाहत असताना शेवाळाचा धोका कमी आणि वाहून जाण्याचा धोका जास्त. एकमेकांपासून तुटलेले, उन्हात तापणारे डोह उरले, की तळातले दगड बघायचे. दगडावर काळपट-हिरवी गादी असेल, डोहाच्या कडेला तिचे गोळे तरंगत असतील, तर कुत्र्याला तिथे सोडू नका. केसाळ, निरुपद्रवी शेवाळाच्या गुंतवळ्यालाही कधी कधी गडद, चिकट नीलहरित चिकटून वाढलेलं असतं. ईल नदीवर हेच दिसलं होतं. म्हणून ‘हे साधं शेवाळ आहे’ असं ठरवून कुत्र्याला गठ्ठा चघळू देऊ नका.

घरून निघताना

माझी सगळ्यात आवडती युक्ती साधी आहे: पाण्यावर पोचायच्या आधी कुत्र्याला पोटभर पाणी पाजा. तहानलेला कुत्रा कोणाचं ऐकत नाही. साधारण हिशोब असा, की कुत्र्याला एरवीसुद्धा दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागतं. उन्हात पळापळ झाली की त्याहून बरंच जास्त. वीस किलोच्या कुत्र्यासाठी अर्ध्या दिवसाच्या सहलीला मी दोन लिटर पाणी आणि वाडगं घेतो. दर वीस मिनिटांनी थांबून पाजतो, तो मागेपर्यंत वाट बघत नाही.

याशिवाय गाडीत पाच लिटरचा एक कॅन फक्त धुण्यासाठी, एक जुना टॉवेल, कुत्र्याचा शाम्पू, रबरी हातमोजे आणि झाकणाची एक रिकामी बाटली. फोनमध्ये नेहमीच्या पशुवैद्यांचा नंबर आणि जिथे जाताय त्या भागातल्या रात्री-अपरात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर आधीच घालून ठेवा. धरणांच्या बाजूला अनेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे रस्ता आणि पत्ता कागदावरही हवा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकापासूनचं ते हॉस्पिटल शहरात असताना मोठा आधार आहे. पण तुम्ही भंडारदऱ्याला असाल तर तो आधार कित्येक तासांवर आहे.

लांब दोरीची सवय लावा. आठ-दहा मीटरची सुती दोरी छातीच्या हार्नेसला बांधली, तर कुत्र्याला मोकळं वाटतं आणि तुम्हाला तो पाण्यात शिरण्याआधी थांबवता येतो. ही दोरी गळ्याच्या पट्ट्याला बांधू नका, धावता धावता झटका मानेला बसतो.

आणि दोन शब्द शिकवा: ‘ये’ आणि ‘सोड’. घरात शिकवा, मग अंगणात, मग रस्त्यावर आणि सगळ्यात शेवटी पाण्याजवळ. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातली वस्तू टाकली की तिच्यापेक्षा भारी काहीतरी द्या. उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर, रोजचं बिस्किट नाही. काठावर मेलेला मासा तोंडात धरून उभा असलेला कुत्रा रोजच्या बिस्किटाला भुलत नाही. हे सगळं बसायला दोन-तीन महिने जातात. चिंगीला पाच लागले.

शंका असूनही थांबावंच लागलं, तर पट्टा सोडू नका. चेंडू, काठी असलं काही पाण्यात फेकू नका. पाण्यापासून वीस पावलं वर बसा.

पाण्यात गेलाच तर: पहिली दहा मिनिटं

१. बाहेर बोलवा आणि लगेच पट्टा लावा. तो अंग चाटणार नाही याकडे पहिल्या क्षणापासून लक्ष हवं. एकाने डोकं धरावं, दुसऱ्याने धुवावं.

२. हातमोजे घाला. हे विष तुमच्याही पोटात जायला नको आणि काही जणांच्या त्वचेला खाजही सुटते.

३. कॅनमधल्या स्वच्छ पाण्याने धुवा. त्याच तळ्याच्या ‘जरा बऱ्या’ बाजूच्या पाण्याने नको. तोंडाच्या कडा, हनुवटी, कान, पंजांच्या बोटांमधली जागा, पोट आणि शेपटी आधी, पाठ नंतर. कुत्रा चाटतो त्या जागा आधी साफ व्हायला हव्यात. दात-हिरड्यांमध्ये काही अडकलं असेल तर ओल्या कापडाने पुसा.

४. टॉवेलने कोरडं करा, टॉवेल पिशवीत बांधा. घरी पोचल्यावर शाम्पू लावून पुन्हा आंघोळ.

५. तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी पशुवैद्यांना फोन लावायचा. कुत्रा ठणठणीत दिसत असला तरीही. त्याने पाणी प्यायलं असेल किंवा शेवाळ खाल्लं असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका, गाडी दवाखान्याकडे वळवा.

६. शक्य असेल तर बाटलीत थोडं पाणी आणि साय भरून घ्या, काठाचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

न करण्याच्या गोष्टी याहून महत्त्वाच्या. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाचं प्रमाण जास्त झालं तर त्यानेच कुत्रा दगावतो, आणि झटके येत असतील तर उलटी फुफ्फुसात जाते. दूध, तूप, ताक, हळद, चुलीतला कोळसा यातलं काही देऊ नका. दवाखान्यातला सक्रिय कोळसा ही वेगळी वस्तू आहे. ती कधी आणि किती द्यायची हे पशुवैद्यच ठरवतात. त्यांनी फोनवर उलटी करवायला सांगितलं, तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा, स्वतःच्या मनाने नको.

लक्षणं कशी ओळखाल?

मज्जासंस्थेवरचं विष काही मिनिटांत ते तास-दोन तासांत दिसू लागतं. चाल अडखळते, मागचे पाय लटपटतात, स्नायू थरथरतात, लाळ गळते, दम लागतो, झटके येतात, जीभ निळसर पडते. काही विषांत लाळ, डोळ्यांतलं पाणी आणि लघवी एकदमच अनावर होते. घरी जाऊन बघू, असं म्हणायला इथे वेळच नसतो.

यकृतावरचं विष काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी बोलू लागतं. उलट्या, जुलाब (कधी रक्ताचे किंवा डांबरासारखे काळे), अन्नावरची वासना जाणं, मलूल पडून राहणं, फिकट हिरड्या, मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आणि हिरड्यांवर पिवळेपणा. सहलीहून आल्यावर रात्रभर बरा वाटलेला कुत्रा सकाळी उलट्या करू लागला, तर ‘काल काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तळ्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. किमान तीन दिवस त्याचं खाणं, लघवी, शी आणि हिरड्यांचा रंग बघत राहा.

आपल्याकडे हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही दिसतात, म्हणून डॉक्टरांना पूर्ण हकीकत हवी. शेताजवळ कीटकनाशक पोटात गेलं तरी लाळ आणि थरथर होते. नागाने डसलं तरी कुत्रा लुळा पडतो. गढूळ पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने कावीळ होते (त्याची लस दर वर्षी द्यायची असते, तुमच्या कुत्र्याची राहिली असेल तर घेऊन टाका). तासभर चेंडू आणून देताना नुसतं साधं पाणीच फार गिळलं, तर रक्तातलं मीठ घटून कुत्रा झोकांड्या खातो. पाण्यात किती वेळ होता, काठाला काय होतं, आसपास फवारणी चालू होती का, पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, हे सगळं सांगा.

वाटेत झटके येऊ लागले तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका. कुशीवर झोपवा, डोकं कशावर आपटणार नाही असं बघा, गाडीतला गोंगाट बंद करा. श्वास थांबला असेल तर तोंड आणि नाक पुसून घ्या, तोंड हाताने मिटून धरा आणि नाकपुड्यांतून छाती वर येईल इतपत हवा फुंका. छातीवर दाब द्यावा लागला तर ३० दाब आणि २ श्वास, दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. अ‍ॅनाटॉक्सिनच्या विषबाधेत श्वास चालू ठेवता येणं हाच मुख्य उपचार असल्यामुळे हे फुंकणं वाया जात नाही.

दवाखान्यात काय होतं?

या विषांवर थेट उतारा नाही. उपचार म्हणजे शरीराला वेळ मिळवून देणं. अंगावरचं आणि पोटातलं विष शक्य तेवढं काढतात, सलाइन लावतात, साखर घसरली तर ग्लुकोज देतात, झटक्यांवर औषध, ऑक्सिजन, गरज पडली तर कृत्रिम श्वास. लाळ-अश्रू-लघवीचा प्रकार असेल तर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होतो. मायक्रोसिस्टिनच्या विषबाधेत कोलेस्टायरामिन हे पित्ताबरोबर पुन्हा पुन्हा फिरणारं विष आतड्यातच बांधून ठेवणारं औषध दिल्यावर वाचलेल्या कुत्र्याची नोंद आहे. तुमच्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिला नसण्याची शक्यता मोठी आहे. ‘नीलहरित शेवाळाची शंका वाटते’ असं नम्रपणे पण स्पष्ट म्हणा. यकृताच्या तपासण्या (एएलटी, बिलिरुबिन), रक्तातली साखर आणि रक्त गोठण्याचा वेळ पहिल्या दिवशी ठीक आला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा करायची विनंती करा. यकृताचं नुकसान पहिल्या नमुन्यात दिसेलच असं नाही.

शेततळं आणि घरचा हौद

शहरातला कुत्रा महिन्यातून एकदा पाण्यावर जातो. शेतावरचा कुत्रा रोज शेततळ्याशी असतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा शेवाळाइतकाच मोठा धोका म्हणजे त्याचे गुळगुळीत उतार. पाणी प्यायला उतरलेला कुत्रा घसरतो आणि वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी कुंपण हवं. शिवाय एखाद्या कोपऱ्यात जाड दोरांची जाळी किंवा जुने टायर बांधून पाण्यात सोडा, म्हणजे पडलेल्या जनावराला पाय रोवता येतील.

कुत्र्यांसाठी आणि गुरांसाठी पाणी वेगळ्या टाकीत काढून ठेवा. टाकी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा घासून धुवा, सावलीत ठेवा. गोठ्याचा ओघळ आणि खत कालवायची जागा तळ्यापासून दूर वळवा. शेवाळाचं खाद्य तिथूनच येतं.

पाणी हिरवं झालं की मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची रीत आहे. जनावरं पितात त्या पाण्यात हे करू नका. मोरचुदाने पेशी मरतात, फुटतात आणि आतापर्यंत त्यांच्या आत असलेलं विष एकदम पाण्यात उतरतं. पाणी स्वच्छ दिसू लागतं तेव्हाच ते जास्त घातक झालेलं असतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पाम आयलंडवर १९७९ साली असंच घडलं. पिण्याच्या पाण्याच्या धरणातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकलं आणि त्यानंतर १४८ माणसं आजारी पडली, त्यांतली बहुतेक लहान मुलं होती. पाणी उकळूनही ही विषं जात नाहीत.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये अनेक तळ्यांची उन्हाळ्यात नियमित तपासणी होते, काठावर पाट्या लागतात आणि स्थानिक प्रशासनाच्या संकेतस्थळावर तळ्याची ताजी स्थिती मिळते. निघण्याआधी ती बघायची सवय लावा. पण तिथल्या मर्यादा माणसाच्या पोहण्याचा विचार करून ठरवलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पोहण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनसाठी लिटरला २४ मायक्रोग्रॅम हा आकडा सुचवला आहे, आणि माणूस पोहून आल्यावर अंग चाटत नाही. पाटी नाही म्हणजे तपासणी झाली आहे असंही नाही, विशेषतः रानातल्या ओढ्यांवर. अमेरिकेत एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेचं प्राण्यांच्या विषबाधेचं केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं (८८८-४२६-४४३५, शुल्क लागू शकतं). ब्रिटनमध्ये अ‍ॅनिमल पॉयझनलाइन आहे (०१२०२ ५०९०००).

इथे तळ्यावर अशी पाटी सहसा नसते. म्हणून हिरवी साय दिसली की मी फोटो काढून ठिकाण आणि तारखेसह महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पाठवतो. तिथेच भेटलेल्या गुराख्याला आणि बाकीच्या कुत्रेवाल्यांना सांगतो, कोणत्या काठाला साय आहे आणि वारा कुठला आहे ते. मागच्या उन्हाळ्यात एका गुराख्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हशी त्या कोपऱ्यात आठ दिवस झाले पाण्याला तोंड लावत नाहीत. आता नव्या तळ्यावर गेलो की काठी फिरवण्याआधी मी गुराख्याला विचारतो.